नववा प्रश्न

"मावशी, तुम्ही आत्ता खेळताय," मी म्हणाले.

"कोन? मी?" पलीकडून आवाज चढला. "अगं बाई, मी यष्टीच्या थांब्यावर उभी हाय. हातात पिशवी हाय, पिशवीत कोथमीर हाय. मी कशाला खेळतीय?"

माझ्या स्क्रीनवर चंद्राबाई कोंडाजी शेडगे, वय एकावन्न, मु. पो. माले, तालुका मुळशी, या नावापुढे हिरवा ठिपका लुकलुकत होता. हिरवा ठिपका म्हणजे खेळाडू टेबलावर आहे. सहा जणांचा डाव चालू होता आणि चंद्राबाईंनी नुकतंच एक पान उचललं होतं. गेल्या महिन्यात त्यांनी चारशे बारा डाव खेळले होते. कंपनीने खूश होऊन त्यांना 'हिरा' दर्जा दिला होता.

"मग तुमच्या नावाने कोण खेळतंय?"

"त्येच सांगाया फोन केलाय न्हवं! बँकेत पुस्तक भरून घ्यायला गेले. मशिनीतनं कागुद निघतूय, निघतूय, थांबतच न्हाई. खिडकीतला सायब मोठ्यांदा म्हनतूय, मावशी, तुमी रमी खेळता व्हय? सगळी रांग हसली. मला दिसंना झालं. माझं खातं बंद करा, ताई. मला तुमचा खेळ नगं."

रांग हसली हे सांगताना त्यांचा आवाज अडकला, आणि खातं बंद करा म्हणताना मोकळा झाला. ते माझ्या अजून लक्षात आहे. दिवसाला साठ-सत्तर फोन घेणाऱ्या माणसाच्या लक्षात सहसा काही राहत नाही. राहू नये म्हणूनच साठ-सत्तर देत असावेत.

कंपनीचं नाव 'तेरापान'. भूगावात एका नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ऑफिस होतं. मी 'जबाबदार खेळ कक्षा'त मराठी फोन घ्यायची. पत्त्यांच्या जाहिरातीच्या शेवटी एक माणूस धाप लागल्यासारखा बोलतो ना, या खेळात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा, त्यातली जबाबदारी म्हणजे आम्ही. नंबर मोठ्या फलकांच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत असायचा. चंद्राबाईंनी तो पिरंगुटच्या फलकावरून एका कॉलेजच्या मुलीकडून वाचून घेतला होता.

पहिल्या दिवशी आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या. एक, रमी हा जुगार नाही, कौशल्याचा खेळ आहे, कोर्टानेच तसं म्हटलंय. आमच्या पिरंगुटच्या बाजारामागे चार म्हातारे हीच तेरा पानं घेऊन बसले की त्यांचे कान पोलिसाच्या शिट्टीकडे लागलेले असतात, पण ते बिचारे बिनकौशल्याचे. दुसरी गोष्ट, खातं बंद करायला फोन आला की आधी ऐकून घ्यायचं, मग समजूत काढायची, मग एक दिवसाची विश्रांती सुचवायची, मग सात दिवसांची. कायमचं बंद करण्याची गोष्ट सगळ्यात शेवटी, आणि तीही खेळाडूने आपणहून तीनदा काढली तर.

माझं नाव निखत तांबोळी. फोनवर मी सायली. मराठी ग्राहकाला सोपं जातं, असं आमचे निरंजन सर म्हणाले होते. अब्बांचं पिरंगुटला कुलूप-किल्लीचं दुकान आहे. नोकरी लागली तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, "बेटा, जुगाराचा पैका तर न्हाई ना ह्यो?" मी म्हणाले, "अब्बा, मी तर लोकांना खेळू नका म्हणून सांगायच्या खात्यात आहे." अब्बांनी विश्वास ठेवला. मीही ठेवला, ते जास्त वाईट झालं.

"मावशी, खातं तुमचंच आहे, तुम्ही बंद करू शकता," मी पाठ असलेलं म्हणाले. "तुमच्या मोबाइलवर सहा आकडे येतील, तेवढे मला सांगा."

"मोबाइल त्यांच्याकडं असतूय. आमच्या मालकांकडं."

"हा कुणाचा मग?"

"ह्यो शेजारनीचा."

आता मला सगळं दिसायला लागलं. खात्याबरोबर खेळाडूचा फोटो असतो. तो उघडला. डोक्यावर पदर, मागे भांड्यांची मांडणी, चुलीचा धूर लागून काळी झालेली भिंत. बाई कॅमेऱ्याकडे असं बघत होती की हे काय चाललंय ते तिला कळलेलं नाही, पण सांगितलंय म्हणून सरळ बसलीय.

"मावशी, कधी तुमचा फोटो काढला होता का घरी?"

"काडला हुता की. शिवरात्रीच्या टायमाला. हे म्हनले, सरकारची योजना हाय, हसू नगं, सरळ बघ. आधार बी घेतलं माझं."

म्हणजे नवऱ्याने आपल्या खात्याची महिन्याची मर्यादा संपवली होती, आणि बायकोच्या नावावर दुसरं खातं काढलं होतं. यात नवल काही नाही. आमच्या मुळशीत सगळं बाईच्या नावावर असतं. नोंदणीला एक टक्का कमी पडतो म्हणून बंगला बाईच्या नावावर, टॅक्स वाचतो म्हणून बँकेतली ठेव बाईच्या नावावर. बाईला त्यातलं काहीच मिळत नाही, पण नावाला तीच मालकीण असते. चंद्राबाईंची रस्त्याकडेची जमीन बंगलेवाल्यांना गेली तेव्हा आलेले पैसे असेच त्यांच्या नावावर ठेवले होते. त्यातले अकरा लाख उरले होते. ते कशासाठी होते तेही त्यांनी थांब्यावर उभ्या उभ्या सांगितलं.

"घराचा अर्धा हिस्सा धाकट्या दिराचा हाय, विश्राम भावजींचा. ती भूगावला ऱ्हात्यात. त्यांना त्यांचा हिस्सा इकायचाय. म्हनले, वैनी, दिवाळीपत्तोर अकरा लाख द्या, न्हाईतर पुन्याचं गिऱ्हाईक हाय माझ्याकडं. सैपाकाची खोली नि मागली खोली त्यांच्या हिश्श्यात जात्यात. तीस वर्सं मी तितं भाकऱ्या थापल्यात, ताई. आता कागदावर बघितलं तर नऊ लाख ऱ्हायल्यात. रोजचं जात्यात. आजच बंद करा."

मी निरंजन सरांना हात केला. ते आले, फोटो बघितला, ठिपका बघितला, आणि म्हणाले, "आकडे नाहीत तर विनंती नाही. उद्या कुणीही उठेल आणि कुणाचंही खातं बंद करेल."

"सर, पण ती खातेदारच आहे."

"ते आपल्याला कसं माहीत?"

बरोबरच होतं. त्यांचं नेहमी बरोबरच असायचं. वाईट माणूस नव्हता तो. डबा खाताना आम्हाला आंब्याचं लोणचं वाढायचा.

चंद्राबाई म्हणाल्या, "म्हंजे माझं नाव बी माझं न्हाई व्हय?"

मग मी एक हुशारी केली. खातं संशयास्पद वाटलं तर आम्ही आमच्या अधिकारात सात दिवसांची विश्रांती टाकू शकत होतो. त्याला आकडे लागत नाहीत. मी बटण दाबलं. हिरवा ठिपका विझला. डाव चालू असताना विझला, याचा मला आनंदही झाला.

"मावशी, सात दिवस कुणालाच खेळता येणार नाही. तेवढ्यात त्यांना समजावा, मोबाइल घ्या आणि मला फोन करा. सायली म्हणून विचारा."

"लई उपकार झालं, बाय," त्या म्हणाल्या. एसटी आली बहुतेक, कारण पुढचं ऐकू आलं नाही.

विश्रांती टाकली की यंत्र आपोआप मेसेज पाठवतं. प्रिय चंद्राबाई, तुमच्या विनंतीवरून तुमचे खाते सात दिवसांसाठी विश्रांतीत ठेवण्यात आले आहे. आम्हाला तुमची काळजी आहे. हा मेसेज नोंदवलेल्या नंबरवर जातो. हे मला माहीत होतं. वर्षभर मी ते बटण दाबत होते, मेसेजचा मजकूर मला तोंडपाठ होता. पण तो मेसेज कुणाच्या हातात पडणार आहे हे त्या दुपारी माझ्या डोक्यातच आलं नाही. घरी जाताना बसमध्ये आलं, पिरंगुटच्या घाटात. मी उठून उभी राहिले आणि परत बसले. उभं राहून काय करणार होते?

आठव्या दिवशी फोन आला. माझ्याकडेच आला, सायली म्हणून मागून घेतला होता.

"मी चंद्राबाई शेडगे बोलतीय. माझं खातं परत चालू करा. माझी खुशी हाय."

पाठ केलेलं वाक्य मला लगेच ओळखू येतं, तो माझा धंदाच होता. या वेळी फोन नोंदवलेल्या नंबरवरून होता. सहा आकडे गेले आणि चंद्राबाईंनी ते एकेक करून वाचून दाखवले. मागून कुणीतरी हळूच आकडा दुरुस्त केला. म्हणजे कोंडाजी शेजारीच बसले होते, आणि फोन मोठ्या आवाजावर होता.

स्क्रीनच्या कोपऱ्यात हेडफोनचं चिन्ह उमटलं. चालू फोन वरिष्ठांना मधूनच ऐकता येतो, ऐकायला लागले की हे चिन्ह येतं. हिरा दर्जाचा खेळाडू परत येताना निरंजन सर नेहमी ऐकायचे.

विश्रांतीनंतर खातं उघडायचं तर नऊ प्रश्न विचारायचे असतात. उत्तर फक्त हो किंवा नाही. तीन वेळा हो आलं की खातं सहा महिन्यांसाठी आपोआप बंद होतं, मग निरंजन सर काय, कंपनीचा मालक आला तरी ते उघडता येत नाही. संपूर्ण कक्षात खरोखर कुणाला वाचवू शकेल अशी एवढी एकच गोष्ट होती. म्हणूनच बहुधा ती कुणाला सांगायची नसायची.

मी सुरुवात केली. ठरवल्यापेक्षा जास्त पैसे लावलेत का? "न्हाई." हरलेले परत मिळवायला पुन्हा खेळलात का? "न्हाई." प्रत्येक 'न्हाई'च्या आधी एक क्षण जायचा, तेवढ्यात बाजूच्या माणसाकडे बघून होत असावं.

"खेळामुळे झोपेवर परिणाम झालाय का?"

"झोप?" त्या म्हणाल्या. "व्हय. न्हाई लागत झोप."

"आगं," मागून पुरुषाचा आवाज आला, दबका.

मी 'हो'वर खूण केली. एक. उसने घेतलेत का, न्हाई. कामावर परिणाम, न्हाई. चिडचिड होते का, न्हाई. घरच्यांपासून लपवता का?

"मी न्हाई लपवत," चंद्राबाई म्हणाल्या. 'मी' वर त्यांनी किंचित जोर दिला, पण खूण 'नाही'वरच करावी लागली.

"घरातल्या कुणी खेळ सोडा असं सांगितलंय का?"

"व्हय. सांगितलंय. लई येळा सांगितलंय."

दोन. आता मागचा आवाज दबका नव्हता. "न्हाई म्हन की, काय लावलंयस!" बाई एकेक करून पुढे येत होती. तिला तीनचा नियम माहीत असणं शक्य नव्हतं. पण कुठेतरी काहीतरी खरं बोललं की पलीकडची बाई काहीतरी करील, एवढं तिने धरलं होतं. आणि पलीकडची बाई म्हणजे मी होते.

"शेवटचा प्रश्न, ताई. खेळामुळे घरात भांडण किंवा त्रास होतो का?"

पलीकडे काही नाही. टीव्हीवर कसली तरी मालिका चालली होती. कोंबडी फडफडल्यासारखा आवाज आला. चंद्राबाईंचा श्वास ऐकू येत होता, आणि दुसरा एक श्वास, तो जास्त जवळून.

नियम असा: आठ सेकंदांत उत्तर आलं नाही तर प्रश्न पुन्हा विचारायचा, पुन्हा आठ सेकंद थांबायचं, आणि तरीही उत्तर नाही आलं तर 'नाही' धरायचं. स्क्रीनवर निरंजन सरांची ओळ आली, "स्पष्ट हो नाही. नियमाप्रमाणे घे."

मी प्रश्न पुन्हा विचारला. पुन्हा काही नाही.

मला कळलं होतं. त्यात मला शंका नव्हती आणि आजही नाही. माझ्या हाताखाली दोन चौकोन होते, हो आणि नाही, आणि ती खूण मीच करायची होती. 'हो'वर केली असती तर सरांनी विचारलं असतं, मी म्हणाले असते की मला पुसटसं ऐकू आलं. फार तर ताशेरा आला असता. नोकरी जाण्याची भीती होती म्हणून सांगितलं तर लोक समजून घेतात, पण खरं सांगायचं तर भीतीसुद्धा नव्हती. सवय होती. त्याहून वाईट म्हणजे, दुसऱ्यांदा मी आठ मोजलेच नाहीत. चारलाच 'नाही'वर खूण केली.

"धन्यवाद, चंद्राबाई ताई. तुमचं खातं चालू झालंय. जबाबदारीने खेळा."

फोन ठेवण्याआधी हिरवा ठिपका लागला होता.

त्यानंतर मी रोज ते खातं उघडून बघायची. तसं बघणं नियमात बसत नव्हतं, पण नियम आता मला कुठे शिकवणार होते? बँकेतून किती भरले ते तिथे दिसायचं, वजाबाकी मी करायची: नऊ लाखांचे सात झाले, सातांचे साडेचार. एका दिवशी साठ हजार आलेही, ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेले. पंधरा ऑगस्टला कंपनीने देशप्रेमी खेळाडूंना दुप्पट बोनस दिला. वीस तारखेला खात्यात अडतीस रुपये उरले होते.

आणि त्याच आठवड्यात संसदेत कायदा झाला. पैशाचे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचे असोत की नशिबाचे. कोर्टाचे दाखले, आमचं पाठांतर, हिरा दर्जा, सगळं दोन दिवसांत गेलं. ऑफिसमधल्या टीव्हीसमोर आम्ही उभे होतो. माझ्या शेजारची रेश्मा रडत होती. निरंजन सर बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले आणि म्हणाले, "ज्यांचे शंभराच्या वर शिल्लक आहेत त्यांना फोन करा, पैसे काढून घ्या म्हणावं." अडतीस रुपयांवाल्यांना फोन करायचा नव्हता. महिनाअखेरीला आम्हा सगळ्यांना घरी पाठवलं.

मी मनात दिवस मोजले. मी चार सेकंदांवर खूण केली त्या दिवसापासून कायद्यापर्यंत चोवीस दिवस झाले होते. ज्या सहा महिन्यांसाठी ते खातं बंद झालं असतं, त्यातले चोवीस दिवसच लागणार होते. पुढचं सरकारने केलंच असतं.

अब्बांना मी कंपनी बंद पडली एवढंच सांगितलं. मला आता पिरंगुटच्या एका कारखान्यात गेटवर नोंदी करायचं काम आहे, तिथे मला निखतच म्हणतात.

दिवाळीला आठ दिवस असताना सुट्टी घेतली आणि पौडपर्यंत बसने, पुढे जीपने माल्याला गेले. काय सांगायला जातेय ते ठरवलं नव्हतं. पत्ता पाठ होता. जीपवाल्याने रस्त्यावर सोडलं आणि शेडग्यांचं घर एका बाईने दाखवलं. चार खोल्यांचं कौलारू घर, पुढे पडवी. पडवीत पन्नाशी उलटलेला एक बारीक माणूस मोबाइलमध्ये बघत बसला होता. पत्त्यांचाच डाव होता, पण तो खेळत नव्हता, कुणीतरी खेळलेला डाव बघत होता. मला बघून त्याने फोन लगेच उलटा ठेवला. डोक्यावरची टोपी सारखी केली.

"या ताई. बँकेतनं आलाय व्हय?"

"नाही. मावशींना भेटायचं होतं."

"मागं हाय बघा. उद्या हिस्सा द्यायचाय पुनेकरांना, तर तिचं सारवन चाललंय. सांगून ऐकत न्हाई." मग उगाचच म्हणाले, "पानी घेता का?"

याच माणसाचा श्वास मी कानात ऐकला होता. मनातून त्याला काय काय बोलून झालं होतं माझं. समोर बघितलं तर बाजारात कुणीही ज्याला बाजूला सारून पुढे जाईल असा माणूस. मी पाणी नको म्हणाले आणि घराला वळसा घालून मागे गेले.

मागचं दार उघडं होतं. आत खोली रिकामी होती. मांडणी काढलेली, भिंतीवर तिच्या फळ्यांच्या पांढऱ्या खुणा. चूल फोडून तिची माती कोपऱ्यात गोळा करून ठेवलेली. चंद्राबाई पलीकडच्या भिंतीपासून सारवत, पायांवर बसून मागे मागे दाराकडे येत होत्या. शेजारी शेणाच्या काल्याची बादली. उजव्या हाताने अर्धगोल ओढायचा, हात परत बादलीत, पुन्हा अर्धगोल.

"मावशी," मी उंबऱ्यावरून म्हणाले.

त्यांनी वळून बघितलं नाही. हात मात्र थांबला. "सायली का?"

दोनदाच बोलणं झालं होतं आमचं, तेही फोनवर.

"माझं नाव निखत. सायली ते कंपनीने ठेवलं होतं."

"असं व्हय," त्या म्हणाल्या. "तुझं बी." आणि हात पुन्हा चालू झाला. "आत येऊ नगंस. पाय उठत्याल."

मी तिथेच उभी राहिले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "सरकारने बंद केलं ते सगळं."

"ऐकलं की. बरं केलं. माझं सपल्यावर केलं."

"मेसेज गेला तो माझ्यामुळे गेला. मला लक्षात यायला हवं होतं. त्यांनी तुम्हाला…"

"ते इचारू नगं."

त्या एक पाऊल मागे सरकल्या. आता आम्हा दोघींमध्ये चार-पाच हात जमीन उरली होती. बाहेरून बांधकामाच्या गाडीचा आवाज येत होता, कुठल्या तरी बंगल्याकडे खडी चालली होती.

"ते नऊ प्रश्न होते ना मावशी, त्यात तीन वेळा हो आलं असतं तर खातं बंदच झालं असतं. तुमचे दोन झाले होते."

"मला काय ठावं तीन का चार." त्यांचा हात फिरत होता. "मला येवढं कळत हुतं, खरं बोलाया पायजे. दोनदा बोलले तवा त्यांनी माझा दंड धरला. तिसऱ्या येळंला बोलले असते तर फोनच वढला असता. म्हनून गप ऱ्हायले. म्हनलं, पलीकडं बाईमानूस हाय. घरात भांडान हुतं का इचारल्यावर बाई गप ऱ्हायली, तर त्येचा अर्थ बाईला कळंल. मला वाटलं, आता बंद करती. तू दुसऱ्यांदा इचारलंस तवा तर माझी खात्रीच झाली. म्हनलं, पोरगी थांबली, तिला उमगलं." एक अर्धगोल ओढून म्हणाल्या, "नसंल कळलं तुला. लांबनं काय कळतंय."

त्यांनी मला वाट करून दिली होती. तिथून निघून गेले असते तर बाईच्या मनात मी एक न कळलेली पोरगी राहिले असते, आणि आयुष्यभर ते मला पुरलं असतं.

"कळलं होतं, मावशी," मी म्हणाले.

चंद्राबाईंनी मान वळवून पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. फोटोत बघितलं होतं तसंच सरळ, न हसता. फक्त आता त्यांना सगळं कळलेलं होतं. किती वेळ बघत होत्या ते मला सांगता येणार नाही, मी खाली बघितलं.

त्यांनी पुन्हा बादलीत हात घातला.

मला रडू येत होतं, पण तिथे रडणं म्हणजे त्या बाईला आणखी एक काम लावणं होतं. म्हणून मी कोरड्या आवाजात काहीतरीच विचारलं.

"ते पुण्याचे लोक इथे काय करणार आहेत?"

"फरशी बशिवनार म्हनं. उद्या दुपारी मानसं येत्यात. शनवार-आयतवार येऊन ऱ्हानार."

"मग हे सारवताय कशाला? उद्याच तर उखडतील."

"उखडू देत की," त्या म्हणाल्या. "मी दुसऱ्याच्या हातात घान घर कदी दिलं न्हाई."

अर्धगोलाला अर्धगोल जोडत, कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही, अशा पाठमोऱ्या दाराकडे येत राहिल्या. तीस वर्षं जिथे बसून भाकरी थापली ती जागा आली, तिथे कातळासारखी झिजून गुळगुळीत झालेली जमीन होती. तिथेही हात तेवढाच फिरला, जास्त नाही. मग मागल्या खोलीच्या बाजूचा कोपरा, मग दारालगतची पट्टी. बादलीत तळाला थोडा काला उरला. सगळी खोली ओली, गडद, एकसारखी झाली होती आणि तिच्यात एकाचंही पाऊल उमटलेलं नव्हतं. फक्त उंबऱ्याच्या आतली वीतभर जागा राहिली होती, तिच्यावर माझी सावली पडली होती.

"सरक," चंद्राबाई म्हणाल्या.

मी सरकले. त्यांनी तेवढंही सारवून घेतलं.